संगणकाचे इशारे आम्ही कमी का केले : एक निवेदन



या अहवालाच्या खर्चाच्या पानावर ‘संगणक प्रणाली : देखभाल व फेररचना’ अशी एक ओळ आपल्या दृष्टीस पडेल. रक्कम मोठी नाही, तथापि तिच्यामागील कामाविषयी विचारणा मात्र बरीच झाली. गेल्या वार्षिक सभेनंतर आमच्या एका ज्येष्ठ देणगीदारांनी आम्हांस बाजूला घेऊन विचारले, “डॉक्टरांच्या हातून चूक होऊ नये म्हणून आम्ही ही प्रणाली दिली. आता कानावर येते की तुम्ही तिच्या सूचना एकेक करून बंद करीत आहात. साहेब, हे कसे काय?” प्रश्न रास्त होता. चहाचा कप हातात घेऊन आम्ही उभ्याउभ्या जे उत्तर दिले, ते आमचे आम्हांलाच अपुरे वाटले. म्हणून हे सविस्तर निवेदन.

प्रथम ही प्रणाली करते काय, ते सांगणे अगत्याचे आहे. पूर्वी डॉक्टर केसपेपरवर औषधे लिहीत आणि परिचारिका ते अक्षर लावून औषधे देत. आता आंतररुग्ण विभागात औषध संगणकावर लिहिले जाते. लिहिता क्षणी संगणक काही गोष्टी पडताळून पाहतो. या रुग्णाला या औषधाची अ‍ॅलर्जी नोंदलेली आहे काय, आधीच चालू असलेल्या एखाद्या औषधाशी याचे वैर आहे काय, मात्रा वयाच्या आणि वजनाच्या मानाने अधिक आहे काय, तेच औषध दुसऱ्या नावाने आधीपासून चालू आहे काय. काही वावगे आढळल्यास पडद्यावर एक पिवळी चौकट उघडते. तिला उत्तर दिल्याखेरीज पुढे जाता येत नाही. एक तर औषध बदलावे, नाहीतर कारण नोंदवून पुढे जावे. या चौकटीला आमचे डॉक्टर ‘अलर्ट’ म्हणतात. आम्ही या लेखात ‘इशारा’ म्हणू.

ऐकताना ही व्यवस्था निर्दोष वाटते. आम्हांलाही तशीच वाटली होती. आम्ही वाणिज्य शाखेचे; ताळेबंद समजतो, औषधशास्त्र नव्हे. दर महिन्याला संगणक विभागाकडून ‘इतके इशारे दिले गेले’ असा तक्ता येई, आणि आकडा जितका मोठा तितके रुग्ण सुरक्षित, असा सरळ हिशेब आम्ही मनाशी मांडीत असू. विश्वस्त मंडळापुढेही तो तक्ता आम्ही काहीशा अभिमानानेच ठेवला होता, हे येथे कबूल केले पाहिजे.

तो हिशेब चुकीचा आहे, हे आमच्या ध्यानात आले ते एका रात्री जनरल वॉर्डात निवासी डॉक्टरांच्या शेजारी खुर्ची टाकून बसल्यावर. अँजिओप्लास्टी होऊन हृदयाच्या वाहिनीत स्टेंट बसवलेला एक रुग्ण होता. त्याला अ‍ॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल ही दोन्ही औषधे लिहिताच इशारा आला, की दोन्ही एकत्र दिल्यास रक्तस्रावाचा धोका वाढतो. माहिती खोटी नव्हती. परंतु स्टेंटमध्ये रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून ही जोडी मुद्दाम, समजून-उमजून दिली जाते. हृदयरोग विभागात ती रोजची आहे. डॉक्टरांनी चौकट बंद केली. पुढच्या खाटेवरील बाईंना लोह आणि कॅल्शियम. इशारा आला, की कॅल्शियममुळे लोहाचे शोषण कमी होते. उपाय इतकाच की दोन गोळ्यांमध्ये काही तासांचे अंतर ठेवावे, आणि ते काम परिचारिका एरवीही करतातच. चौकट बंद. तिसऱ्या रुग्णाला ताप आल्यास देण्यासाठी पॅरासिटामॉल, गोळीच्याही रूपात आणि शिरेवाटेही, लिहून ठेवलेले. दोहोंपैकी एकच दिले जाणार. पुन्हा इशारा, पुन्हा चौकट बंद. थोड्याच वेळात आमच्या लक्षात आले की डॉक्टरांची नजर आता चौकटीतील मजकुरावर जातच नव्हती. चौकट उघडण्याआधीच त्यांचे बोट ती बंद करण्याच्या कळेवर येऊन थांबलेले असे. त्यात बेपर्वाई नव्हती. चाळीसएक खाटांचा वॉर्ड, रात्रीची वेळ, आणि दाराशी नवा रुग्ण घेऊन उभी असलेली ट्रॉली.

दुसऱ्या दिवशी आम्ही कारणांच्या नोंदी मागवून पाहिल्या. इशारा डावलताना कारण लिहिणे सक्तीचे होते. त्या रकान्यात काय लिहिलेले होते? कुठे ‘ओके’, कुठे ‘सरांनी सांगितले’, आणि बहुतेक ठिकाणी नुसता एक पूर्णविराम. रकाना भरला की संगणकाचे समाधान होते. टिंब भरले आहे की कारण, हे त्याला कळत नाही.

आमच्या उमेदवारीच्या काळात एक अंतर्गत तपासनीस होते. प्रत्येक व्हाउचरवर ते लाल शाईने काही ना काही शेरा मारीत. तारीख थोडी पुसट, सही रेषेच्या खाली, पैशांचा आकडा गिचमिड. वर्षअखेर सारी फाइल लाल झालेली असे, आणि त्या लालीत दोनदा अदा झालेले एक बिल कोणाच्याच नजरेस पडले नाही. त्यांनी त्या बिलावरही लाल खूण केली होती, हे विशेष. खूण होती, तिचा अर्थ उरलेला नव्हता.

जगभरातील रुग्णालयांनी हा अनुभव घेतलेला आहे आणि त्याला ‘अलर्ट फटिग’ असे नाव पडले आहे. आपण त्याला इशाऱ्यांचा शीण म्हणू. नेदरलँड्समधील संशोधकांनी २००६ मध्ये तोवरच्या अभ्यासांचा आढावा घेतला, तेव्हा औषधसुरक्षेचे इशारे डॉक्टरांकडून डावलले जाण्याचे प्रमाण ४९ ते ९६ टक्के असल्याचे आढळले. शंभरांपैकी नव्वद वेळा इशारा डावलणे योग्यच ठरत असेल, तर उरलेल्या दहा वेळाही हात त्याच दिशेने जाणार, हा मनुष्यस्वभाव आहे. डॉक्टरही माणसेच.

याचे परिणाम कुठवर जाऊ शकतात, याचे एक उदाहरण अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्को येथील विद्यापीठ रुग्णालयात २०१३ मध्ये घडले. तेथीलच एक वरिष्ठ डॉक्टर रॉबर्ट वॉक्टर यांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ‘द डिजिटल डॉक्टर’ या पुस्तकात ते सविस्तर नोंदवले आहे. रुग्णालयाने आपली चूक अशी उघड मांडू दिली, याचे आम्हांस फार मोल वाटते. सोळा वर्षांच्या एका मुलाला को-ट्रायमोक्साझोल या जंतुनाशकाची एक गोळी द्यावयाची होती. मुलाचे वजन सुमारे साडेअडतीस किलो. मात्रा १६० मिलिग्रॅम लिहिताना पडद्यावरील एकक ‘मिलिग्रॅम’ऐवजी ‘दर किलोमागे मिलिग्रॅम’ असे राहून गेले. संगणकाने इमानाने गुणाकार केला आणि एकीऐवजी साडेअडतीस गोळ्यांची मागणी तयार झाली. संगणकाने इशारा दिला नाही काय? दिला. डॉक्टरांना दिला, औषधनिर्मात्यालाही दिला. दोघांनीही तो बंद केला. मात्रा किंचित अधिक असली तरी आणि ती साडेअडतीस पट असली तरी, चौकट दिसावयास सारखीच होती. यंत्राने गोळ्या मोजून पाकिटे भरली. रात्रपाळीच्या परिचारिकेला आश्चर्य वाटले, परंतु बारकोड यंत्राने ‘बरोबर’ म्हटले. मुलाने त्या साऱ्या गोळ्या गिळल्या. पुढे त्याला मोठे झटके आले. सुदैवाने तो वाचला.

परदेशातील गोष्ट म्हणून ती बाजूला ठेवण्याची सोय आम्हांस राहिली नाही. आपल्याच रुग्णालयात एका प्रौढ महिलेस न्यूमोनियासाठी अ‍ॅमॉक्सिसिलीनयुक्त इंजेक्शन लिहिले गेले. त्यांना पेनिसिलीनची अ‍ॅलर्जी असल्याची नोंद संगणकात होती. इशाराही आला, पण तो ओळीने आलेल्या चौकटींपैकी चौथा होता आणि पहिल्या तिघांबरोबर तोही बंद झाला. शिवाय त्या बाईंच्या अ‍ॅलर्जीच्या रकान्यात धूळ, वांगे आणि ‘गोळ्यांनी पित्त होते’ हे सारे एकाच पंक्तीला बसवलेले होते. इंजेक्शन भरून झाल्यावर परिचारिकेने सवयीने विचारले, “काकू, कुठल्या औषधाचा त्रास होतो का?” त्यावर सोबतच्या मुलीने पेनिसिलीनचे नाव घेतले. इंजेक्शन दिले गेले नाही. दुसऱ्या दिवशी वैद्यकीय अधीक्षकांनी कुटुंबीयांना घडलेला प्रकार स्वतः जाऊन सांगितला. संबंधित निवासी डॉक्टरांवर कारवाई करावी काय, हा प्रश्न निघाला. मंडळाने ती न करण्याचे ठरवले. त्याच रात्री त्याच खुर्चीत दुसरे कोणी असते तरी बहुधा हेच घडले असते, हे आम्ही शेजारी बसून पाहिले होते.

इशारे इतके अधिक का येतात, याचा शोध घेता पहिली गोष्ट दिसली ती अशी, की प्रणाली पुरवणारी कंपनी कोणताही इशारा आपणहून वगळावयास तयार नसते. वगळला आणि काही घडले तर ठपका तिच्यावर. ठेवला आणि कोणी वाचला नाही तर ठपका डॉक्टरांवर. सबब सारेच चालू ठेवून ती मोकळी होते. दुसरे असे की औषधांची माहिती परदेशी धर्तीवर रचलेली, आणि आपल्याकडे एका गोळीत दोन-तीन औषधे एकत्र असलेल्या तयार मिश्रणांची रेलचेल. त्यामुळे एकीकडे निरर्थक इशारे, तर दुसरीकडे अंगदुखीच्या मिश्र गोळीत दडलेले पॅरासिटामॉल मात्र मोजलेच जात नव्हते. तापाची गोळी वेगळी, अंगदुखीची वेगळी, सर्दीची वेगळी. तिन्हींत तेच औषध, आणि दिवसाची मर्यादा ओलांडली तर यकृताला इजा. जेथे बोलावयास हवे तेथे संगणक मुका, आणि जेथे नको तेथे वाचाळ!

आता उपायाकडे वळतो. बोस्टनमधील दोन रुग्णालयांची २००९ मध्ये प्रसिद्ध झालेली तुलना आमच्या डॉक्टरांनी आमच्यापुढे ठेवली. दोन्हीकडे औषधांची माहिती सारखीच. एकाने इशाऱ्यांची गांभीर्याप्रमाणे प्रतवारी केली होती; अत्यंत गंभीर असेल तेव्हाच काम थांबे, मध्यमासाठी कारण विचारले जाई, किरकोळ बाब नुसती पडद्यावर लिहिलेली दिसे. दुसऱ्याकडे प्रतवारी नव्हती. प्रतवारी असलेल्या ठिकाणी अत्यंत गंभीर इशारे शंभर टक्के पाळले गेले. दुसरीकडे ३४ टक्के. एवढ्या एका आकड्यावर आमच्या विश्वस्त मंडळाची चर्चा संपली, असे म्हणावयास हरकत नाही. पुढे २०१३ मध्ये अमेरिकेतील तज्ज्ञांनी, ज्यांसाठी डॉक्टरांचे काम थांबवण्याची आवश्यकता नाही अशा औषधगटांच्या ३३ जोड्यांची यादीही प्रसिद्ध केली. आमच्या समितीने ती आधाराला घेतली, मात्र डोळे मिटून स्वीकारली नाही. आपल्याकडे क्षयरोगाचे रुग्ण अधिक, आणि त्यांना चालू असलेले रिफॅम्पिसिन अनेक औषधांचा परिणाम उणावते. वॉर्फरिन घेणाऱ्या रुग्णास रिफॅम्पिसिन सुरू झाले तर रक्त पातळ राहण्याची मात्रा बिघडते, आणि ते थांबवले की उलट दिशेने बिघडते. असे इशारे आम्ही ठेवले, किंबहुना अधिक ठळक केले.

त्याप्रमाणे आता काम पूर्णपणे थांबवणारी लाल चौकट मोजक्या प्रसंगीच येते. उदाहरणार्थ, संधिवातासाठी मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदा द्यावयाचे असते. ते चुकून रोज लिहिले गेले तर प्राणावर बेतते. तेथे संगणकाने अडवलेच पाहिजे. लोह आणि कॅल्शियमचा इशारा डॉक्टरांच्या पडद्यावरून काढून परिचारिकांच्या औषधवेळापत्रकात नेला, कारण गोळी कितीला द्यावयाची हे तेथे ठरते. अ‍ॅस्पिरिन-क्लोपिडोग्रेलचा इशारा हृदयरोग विभागात बंद केला, अन्यत्र ठेवला. सर्वांत कष्टाचे, पण सर्वांत उपयोगी काम झाले ते प्रयोगशाळेचे अहवाल इशाऱ्यांशी जोडण्याचे. रक्तदाबाच्या काही औषधांबरोबर स्पायरोनोलॅक्टोन दिल्यास रक्तातील पोटॅशियम वाढू शकते. पूर्वी ही जोडी लिहिली की इशारा ठरलेला. आता रुग्णाचे पोटॅशियम वाढलेले असेल, अथवा तपासलेलेच नसेल, तरच इशारा येतो. आणि आला की त्याला अर्थ असतो. अ‍ॅलर्जीच्या रकान्यातून वांगे आणि धूळ यांना स्वतंत्र घर दिले.

तथापि लाल चौकटींचाही मोह पडतो, आणि आम्हांलाही पडला होता. जे गंभीर ते सारे अडवून टाकावे, डॉक्टरांना पुढे जाऊच देऊ नये, अशी सूचना आम्हीच मांडली होती. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया येथे नेमका असा प्रयोग झाला होता. त्याचे निष्कर्ष २०१० मध्ये प्रसिद्ध झाले. वॉर्फरिन आणि को-ट्रायमोक्साझोल ही जोडी एकत्र लिहिताच संगणक जवळजवळ पूर्ण अडवीत असे. जोडी खरोखरच धोक्याची आहे आणि तिचे प्रमाणही पुष्कळ घटले. परंतु चार रुग्णांच्या बाबतीत आवश्यक उपचारांना विलंब झाला, आणि प्रयोग मुदतीपूर्वी थांबवावा लागला. आमच्या वैद्यकीय अधीक्षकांनी हा अहवाल सभेत वाचून दाखवला आणि आम्ही आपली सूचना मागे घेतली. आपल्याकडे लाल चौकटीलाही वाट आहे, पण ती टिंब टाकून उघडत नाही. वरिष्ठ डॉक्टरांशी दूरध्वनीवर बोलून त्यांचे नाव नोंदवावे लागते.

कोणता इशारा ठेवावयाचा आणि कोणता नाही, हे कोण ठरवते, अशी शंका काही हितचिंतकांनी व्यक्त केली आहे. ते आम्ही, म्हणजे प्रशासन, ठरवीत नाही. संगणक विभागही नाही. औषधोपचार समितीत त्या त्या विभागाचे डॉक्टर, औषधनिर्माते आणि परिचारिका अधीक्षक आहेत. बंद केलेल्या प्रत्येक इशाऱ्याची नोंद एका वहीत, कारणासह आणि सहीनिशी ठेवली जाते. दर सहा महिन्यांनी ती वही पुन्हा उघडली जाते. बंद केलेल्यांपैकी दोन इशारे समितीने या वर्षी पुन्हा चालू केले, हेही सांगितले पाहिजे. उद्या आम्ही बंद केलेल्या एखाद्या इशाऱ्यामुळे कोणास अपाय होणारच नाही, अशी हमी आम्ही देऊ शकत नाही. सारे इशारे चालू ठेवूनही तशी हमी नव्हती. फरक इतकाच, की तेव्हा जबाबदारी कोणाचीच नव्हती. आता ती वहीत लिहिलेली आहे.

या कामाचा लाभ सर्वाधिक कोणास, हेही नमूद करावेसे वाटते. खाजगी खोलीतील रुग्णाभोवती नातेवाईक असतात, मोठे डॉक्टर दिवसातून दोनदा येतात. धर्मादाय योजनेतील राखीव खाटांवरील रुग्ण बहुधा जनरल वॉर्डात असतो. तेथे एका निवासी डॉक्टरावर अधिक खाटांचा भार, आणि म्हणून चौकटींचा भडिमारही तेथेच अधिक होता.

अतिदक्षता विभागातील मॉनिटरच्या आवाजांचे काम अद्याप व्हावयाचे आहे. सॅन फ्रान्सिस्कोच्याच विद्यापीठात झालेल्या आणि २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, पाच अतिदक्षता विभागांमध्ये एका महिन्यात पंचवीस लाखांहून अधिक इशारे मोजले गेले. ऐकू येणारे इशारे धरले तरी ते दर खाटेमागे दिवसाला १८७ होते. आपल्याकडील मोजणी सुरू केली आहे. ज्यांचे आप्त तेथे दाखल होते, त्यांना त्या अखंड टिंग-टिंगीबद्दल निराळे सांगावयास नको.

रुग्णांच्या आप्तेष्टांस एक विनंती. दाखल होताना घरी चालू असलेल्या सर्व गोळ्यांची पाकिटे पिशवीत घालून सोबत आणावीत. आयुर्वेदिक काढे, गुटी आणि दुकानातून परस्पर आणलेल्या अंगदुखीच्या गोळ्याही. अ‍ॅलर्जी सांगताना नेमके काय झाले तेही सांगावे. अंगावर पित्त उठले, घसा सुजला, श्वास लागला, की नुसते मळमळले? संगणकाला जे ठाऊक नाही, त्याविषयी तो इशारा देऊ शकत नाही.

अखेरीस पैशांविषयी, कारण तो आमचा प्रांत आहे. या साऱ्या फेररचनेत एकही नवे यंत्र घेतलेले नाही. खर्च झाला तो एका क्लिनिकल फार्मासिस्टच्या वेतनावर. या बाई रोज सकाळी डावललेल्या इशाऱ्यांची यादी घेऊन वॉर्डात फिरतात आणि डॉक्टरांना विचारतात, की हा का डावलला. त्यांच्या फेरीमुळेच टिंबांच्या जागी आता कारणे दिसू लागली आहेत. रात्रपाळीसाठी दुसऱ्या फार्मासिस्टची गरज समितीने नोंदवली आहे. यंत्राला देणगी दिली तर दात्याच्या नावाची पाटी लावता येते, वेतनाला तशी सोय नाही, याची आम्हांस जाणीव आहे. ज्यांना या कामी साह्य करावयाचे असेल त्यांनी धनादेशासोबत ‘औषधसुरक्षा’ असा उल्लेख करावा. ती रक्कम त्याच खाती जमा होईल आणि पुढील अहवालात तिचा हिशेब याच पानावर दिला जाईल. समितीची वही पाहावयाची इच्छा असल्यास ती कार्यालयीन वेळेत आमच्या कार्यालयात दाखवली जाईल.